ज्या विभागाने उणिवा सांगितल्या

सोमवार, ५ फेब्रुवारी

बंद पडलेली दैनंदिनी आज पुन्हा उघडली, कारण नोंद ठेवावी असे काहीतरी घडले आहे. सकाळी सरांनी बोलावून घेतले आणि रुग्णालयाचा पुढील पाच वर्षांचा आराखडा माझ्यावर सोपवला. सर आज आमचे अधीक्षक असले तरी माझ्यासाठी ते आधी शिक्षक आहेत. महाविद्यालयात नियोजनशास्त्र त्यांनीच शिकवले आणि पुढे सांख्यिकी शाखेच्या कोपऱ्यातून उचलून नियोजन अधिकारीही त्यांनीच केले.

"ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतोय," ते म्हणाले. "जाण्याआधी एवढं एक काम नीट करून जायचंय. आणि हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आराखड्याची सुरुवात बाह्य परिस्थितीच्या विश्लेषणाने होते. हे शब्द ऐकून लोक जांभई देतात, पण गोष्ट साधी आहे. चांगला डॉक्टर पोट तपासण्याआधी विचारतो, राहता कुठे, पाणी कुठले पिता, काम काय करता. रुग्णालयालाही तेच विचारायचे. आजूबाजूची वस्ती कशी बदलते आहे, रस्ते कुठे वळत आहेत, शासनाचा कल काय, शेजारी कोण नवे आले, नवी यंत्रे कोणती, हे सारे पाहिल्यावर संधी आणि धोके हाती लागतात. त्यानंतर आत वळून आपली बलस्थाने आणि उणिवा पाहायच्या. या क्रमात फार मोठी बुद्धी आहे, आणि ती मला दर वेळी नव्याने आनंद देते.

जेवताना हे सारे बायकोला समजावून सांगितले. ती आमच्याच रुग्णालयात प्रसूतिविभागाची प्रमुख परिचारिका आहे. तिथे तिला लहानथोर सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणतात.

"वॉर्डातल्या नळाला सकाळी पाणी नसतं," ती म्हणाली, "ते कुठे बसतं तुझ्या विश्लेषणात?"

"ती अंतर्गत उणीव. तो दुसरा टप्पा."

"बरं झालं सांगितलंस. उद्या बाळंतिणीला म्हणते, थांब गं बाई, तुझा टप्पा दुसरा आहे."

आई हसता हसता ठसका लागून उठली. "तुमचं रुग्णालय उंबऱ्याबाहेर ठेवून जेवत जा रे दोघं," ती म्हणाली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दहा दिवस पायपीट चालली आहे. बंद पडलेल्या गिरणीमागे नवी वस्ती उभी राहिली आहे. घरे लहान, बहुतेक जोडपी तरुण, आणि दोरीवर जिकडेतिकडे लंगोट वाळत घातलेले. तिथून आमच्या दारापर्यंत बस थेट येते. प्रसूतिविभागाला पुढची पाच वर्षे काम कमी पडणार नाही, हे सांगायला तक्त्याची गरज नाही. तरी मी तक्ता केला.

पुलापलीकडचे नवे खासगी रुग्णालयही पाहून आलो. शेजाऱ्याचा अभ्यास केल्याशिवाय विश्लेषण पुरे होत नाही. काचेचे दर्शनी दालन, आत गारवा, आणि बाळंतपणासाठी एक पूर्ण मजला तयार. पलंगांवरची प्लास्टिकची आवरणेसुद्धा अजून काढलेली नाहीत.

सरांनी सगळे बारकाईने ऐकले. "त्यांना काय कमी आहे, तुझ्या मते?"

"बायका," मी म्हणालो. "बाकी सगळं आहे."

सर खळखळून हसले. म्हणाले, "हे छान टिपलंस. हे नक्की घाल." पुलापलीकडच्या रुग्णालयावर एक स्वतंत्र प्रकरणच करावे, असेही त्यांनी सुचवले. निवृत्तीला आलेल्या माणसाची ही जिज्ञासा पाहून मन भरून आले.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज सर्व विभागप्रमुखांची पहिली बैठक झाली आणि साफ फसली. माझा नियम असा होता की प्रत्येकाने आधी आपल्या विभागाची एक उणीव सांगायची, मगच बलस्थान. कोणी तोंड उघडेना. नेत्रविभागाचे डॉक्टर म्हणाले, "आमच्यात उणीव अशी नाहीच. असलीच तर पेशंटच्या नजरेत." सगळे हसले आणि चहा आला.

उठताना लेखाधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. सेवेत केस पांढरे झालेले, तिरकस बोलणारे गृहस्थ. "साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?"

सरांना अडचण सांगितली. "सुरुवात घरून कर," ते म्हणाले. "मोठ्या सिस्टर बोलल्या की बाकीचे आपोआप बोलतील. त्यांच्या शब्दाला इथे वजन आहे."

रविवार, ४ मार्च

दुपारी बायको गणवेशाला इस्त्री करीत होती. मी विषय काढला.

"मी चारचौघांत सांगायचं, की माझ्या वॉर्डात काय काय धड नाही?" तिने इस्त्री उभी केली.

"कुणीतरी आधी सांगितल्याशिवाय दुसरा सांगणार नाही. हे मनुष्यस्वभावाचे..."

"मनुष्यस्वभाव राहू दे. हे कागद शेवटी जाणार कुणाच्या हातात?"

"सरांच्या. त्यांच्याकडून नियामक मंडळाकडे."

"आणि मंडळ काय करणार वाचून?"

"सर म्हणाले आहेत, सगळ्यांत कमकुवत जो विभाग ठरेल त्याला पहिला निधी. म्हणजे तुझा नळ, तुझे पलंग, सगळं."

"हे लेखी आहे?"

"अगं, सर आहेत ते!"

"तुझ्या सरांना मी ओळखत नाही. म्हणजे ओळखते, पण तुझ्याइतकं नाही." मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तू सांगतोयस ना मला?"

"मी सांगतोय."

"मग झालं," ती म्हणाली आणि कॉलरवर पाणी शिंपडले.

शुक्रवार, ९ मार्च

आजचा दिवस मी विसरणार नाही. ती उभी राहिली आणि हातात कागद न घेता बोलली. सकाळी नळ कोरडा असतो, म्हणून परिचारिका आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवतात. गर्दीच्या दिवशी एका पलंगावर दोघी असतात, एकीचे डोके दुसरीच्या पायाशी. वीज गेली की जनित्राचा प्रवाह शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचतो, कळांच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. तिथे मूल विजेरीच्या उजेडात जन्माला येते. भूलतज्ज्ञ दूर राहतात.

इथे ती थांबली. मला वाटले, संपले.

"हिवाळ्यात एक बाई आली," ती पुढे म्हणाली. "पहिलटकरीण. मूल आडवं होतं, शस्त्रक्रिया तातडीची होती. भूलतज्ज्ञांना निरोप गेला, ते निघाले, वाटेत अडकले. बाई वाचली. मूल नाही वाचलं. नोंदीत 'गुंतागुंत' लिहिलंय. गुंतागुंत नव्हती. उशीर होता. असं पुन्हा होऊ नये एवढ्यासाठी सांगतेय."

सर वहीत काहीतरी लिहीत होते, बराच वेळ.

नंतर इतरही थोडेथोडे बोलले. अस्थिविभागाने खुर्च्या कमी असल्याचे सांगितले, स्वयंपाकघराने चिमणीचा धूर सांगितला. नेत्रविभाग याही वेळी निर्दोष निघाला. पण कोंडी फुटली हे खरे. पद्धतशीर प्रयत्नाने माणसे मोकळी होतात, याचा याहून सुंदर पुरावा कोणता?

घरी आल्यावर ती न जेवताच झोपायला गेली. थकली असावी.

बुधवार, २१ मार्च

गुणांकन पूर्ण झाले. रीत अशी की प्रत्येक उणिवेला तिच्या गांभीर्यानुसार भार द्यायचा, त्यांची बेरीज करायची आणि ती शंभरातून वजा करायची. नेत्रविभाग सर्वांत वर आला. प्रसूतिविभाग सर्वांत खाली, आणि त्याच्यावरच्या विभागापासूनसुद्धा खूप दूर.

लेखाधिकाऱ्यांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे ज्यानं तोंड उघडलं त्याचे गुण कापले? अहो, या हिशेबानं परीक्षेत कोरा पेपर देणारा पहिला यायचा!"

मी त्यांना भारित बेरीज म्हणजे काय ते सुरुवातीपासून समजावले. गंभीर उणीव लपवणारा विभाग दुसऱ्या फेरीत आपोआप उघडा पडतो, हेही सांगितले. दुसरी फेरी घ्यायला वेळ नाही, हा भाग वेगळा. त्यांना पटले असावे, कारण शेवटी त्यांनी नुसती मान हलवली आणि टिफिन उघडला.

शिवाय तळाला येणे हेच तर हवे आहे. तळाशी जो, त्याला आधी मिळणार.

मंगळवार, ३ एप्रिल

सरांनी मसुद्यात दोन बदल सुचवले. बलस्थाने मूळ अहवालातून काढून परिशिष्टात टाकायची. गिरणीमागच्या वस्तीचा तक्ताही तिकडेच. "मंडळाची माणसं पहिली दहा पानं वाचतात. तिथे फक्त दुखणं दिसू दे." तर्क बरोबर आहे.

दुसरा बदल असा, की मोठ्या सिस्टरचे बोलणे जसेच्या तसे, अवतरणात घालायचे.

"सर, नावं घालणार नाही असं आपण सांगितलं होतं."

"नाव कुठे घालतोय? पदनाम घाल."

प्रमुख परिचारिका प्रसूतिविभागात एकच आहे. हे मनात आले. पण सर म्हणाले, "आकड्यांनी कुणी हलत नाही रे. माणसाच्या शब्दानं हलतं." हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, वर्गात, तिसऱ्या बाकावर बसून. अवतरण घातले. घरी सांगायचे राहिले.

गुरुवार, १२ एप्रिल

पुलापलीकडच्या रुग्णालयाचे संचालक आज पाहुणे म्हणून आले. सरांच्या सांगण्यावरून मी त्यांना सगळीकडे फिरवले. असा श्रोता क्वचित मिळतो! बाह्य घटकांची माझी मांडणी त्यांनी दोनदा समजून घेतली. मग प्रश्न विचारले: प्रसूतिविभागाची इमारत स्वतंत्र आहे का, मागचे फाटक हमरस्त्यावर उघडते का, जमीन रुग्णालयाच्याच नावावर आहे ना. शेजारी आपल्याकडून शिकू पाहतो, ही केवढी निकोप गोष्ट!

संध्याकाळी मात्र बायको तापलेली होती. "तुझा पाहुणा बुटांसकट कळांच्या खोलीत आला. एक बाई कळा देतेय, आणि हा खिडक्या मोजतोय. आणि तू त्याच्यामागे हात मागे बांधून, लग्नात मानपान बघणाऱ्या मामासारखा!"

"तो अभ्यास करत होता."

"कसला?"

मी सांगू लागलो. तिने मध्येच आईच्या गोळ्या काढायला घेतल्या.

सोमवार, ७ मे

दुपारी तिचा फोन आला. "माझ्या वॉर्डात कोणीतरी फीत घेऊन भिंती मोजतंय."

मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. निधी! मंडळाची बैठक व्हायच्या आतच मोजमाप, म्हणजे सरांनी वरून मंजुरी आणली असणार. "अगं, विस्तार होतोय तुझा!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाने अभिनंदन केले.

"मी विचारलं त्याला, पलंग किती वाढणार म्हणून," ती म्हणाली. "तो म्हणतो, पलंगांचं मला काही माहीत नाही बाई, तपासणीची यंत्रं कुठे बसतील तेवढं बघायला सांगितलंय."

गर्भवतींची सोनोग्राफी तिथल्या तिथे होणार असेल, असे मी तिला समजावले. यंत्र, उपचार आणि निरीक्षण एका छताखाली, हीच तर आधुनिक रचना. तिने सगळे ऐकून घेतले.

"बरं," ती म्हणाली. तिचा 'बरं' इतका आखूड मी कधी ऐकला नव्हता.

बुधवार, १६ मे

मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका आज सर्वांना वाटली गेली. विषय तिसरा: सुरक्षिततेच्या गंभीर त्रुटी लक्षात घेता प्रसूतिविभाग बंद करून ती सेवा पुलापलीकडच्या रुग्णालयाकडे भागीदारीने सोपवणे. तिथे काही खाटा गरजूंसाठी मोफत. रिकाम्या होणाऱ्या इमारतीत त्याच रुग्णालयाचे तपासणी केंद्र. आधार: नियोजन अधिकारी यांचा अहवाल.

मला वाटले, कोणीतरी माझ्या अहवालात हात घातला आहे. ही घोडचूक सरांच्या नजरेतून सुटली असणार. अहवालाची प्रत घेतली, शंका येतील त्या पानांना खुणा लावल्या आणि त्यांच्या खोलीत गेलो.

सर चष्मा पुसत होते. "बस. चहा घेणार?"

"सर, यात काहीतरी बदललेलं आहे."

"दाखव."

मी पाने उलटली. एकेक परिच्छेद वाचला. सर थांबून राहिले, परीक्षेत विद्यार्थ्याला वेळ देतात तसे.

"एक शब्द बदललेला नाही," ते शेवटी म्हणाले. "कशाला बदलू? इतकं चोख काम आहे. तुझ्या वाक्यात बोट शिरायला जागा नाही."

"पण पहिला निधी कमकुवत विभागाला..."

"निधीच नाहीये रे. कधी नव्हताच. हे असं कुणाला सांगितलं असतं तर कोणी बोललं असतं का?"

"तुम्ही मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू त्या उत्साहानं विचारलं असतंस? तुझा चेहरा बघून लोक बोलतात. मी विचारलं असतं तर सगळ्यांनी नेत्रविभागासारखं सांगितलं असतं." मग त्यांनी नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. बायकांना तिकडे वीज मिळेल, पाणी मिळेल. तूच लिहिलंयस की तिथे सगळं आहे."

दारापर्यंत सोडायला आले. चहा मी घेतला होता, हे आता लिहिताना आठवते. घेतला, आणि आभारही मानले.

गुरुवार, १७ मे

सांगितले. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच.

तिने ओटा पुसणे थांबवले नाही. "माझं बोलणं आहे त्यात?"

"आहे."

"त्या मुलाचं पण?"

"जसंच्या तसं. अवतरणात."

"ते मी तुझ्या सरांना सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मंडळाला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं होतं. बाकीचे तिथे बसले होते, एवढंच."

केसाने गळा कापला माझा सरांनी, असे मी म्हणालो. ती फडके पिळत होती. "तुझा?" एवढेच म्हणाली.

आई दाराशी आली होती. आई माझ्या बाजूने बोलेल असे वाटले. ती म्हणाली, "सुनेला चारचौघांत उभं केलंस, तेव्हा मागे उभं राहायला हवं होतंस. पुढे नव्हे, मागे. पाठीशी." आणि आत गेली.

गुरुवार, २४ मे

मंडळासमोर बोलायची परवानगी मी मागितली होती, ती मिळाली. मला काय सांगायचे होते ते एका वाक्याचे होते. मी मोजली ती विभागांची दुरवस्था नव्हती, त्यांचा खरेपणा होता. जो खरे बोलला तो तळाला गेला.

हे वाक्य मी घरी पाठ केले होते. पण उभा राहिलो आणि वाटले, भार कसा देतात हे माहीत नसताना त्यांना ते कळणार कसे? म्हणून आधी गुणांकन समजावले. गुणांकनासाठी उणिवेची व्याख्या लागते, म्हणून व्याख्या सांगितली. अंतर्गत आणि बाह्य यांतला फरक सांगत होतो, तेव्हा अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिले.

"थोडक्यात सांगा."

"थोडक्यात म्हणजे, पद्धतीत दोष आहे."

"पद्धत कुणाची?"

"माझी."

"म्हणजे या सिस्टर जे बोलल्या ते खोटं आहे?"

"नाही. प्रत्येक शब्द खरा आहे."

"विजेरी? ते मूल?"

"खरं आहे. पण इतर विभागांनी..."

"इतर विभागांचा विषय आज नाही." त्या मागच्या रांगेकडे वळल्या. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. "दुखतंय म्हणून सांगितलं होतं, बाई. औषध मिळेल म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या बायका पूल ओलांडून काचेच्या दारात जाणार नाहीत. त्या घरीच राहतील. घरी काय होतं ते मी बघितलंय. एवढंच."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवले. मला वाटले, झाले, पारडे फिरले. तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "वस्तीच्या अंदाजाबद्दल अहवालात काही असतं तर विचार करता आला असता." मी ओरडलो, "परिशिष्टात आहे!" सगळ्यांनी पाने चाळली. मंडळाला दिलेल्या प्रतींना परिशिष्ट जोडलेलेच नव्हते.

ठराव संमत झाला. लेखाधिकारी माझ्याजवळून जाताना काही बोलले नाहीत. मी त्यांच्या टोमण्याची वाट पाहत उभा होतो.

शनिवार, १४ जुलै

पलंग नेले. पाळणे नेले. सरकारी सामान असल्याने प्रत्येकावर क्रमांक लिहिलेला. माझ्याच शाखेने ते तपासून द्यायचे होते. तिची बदली बाह्यरुग्ण विभागात, नोंदणीच्या खिडकीमागे झाली. तिच्या सहा परिचारिकांपैकी तिघींना पुलापलीकडे घेतले. तिलाही विचारले होते, असे मला दुसऱ्याकडून कळले.

घरी आम्ही बोलतो. दूध संपले, सिलिंडर आला, आईची रक्ततपासणी मंगळवारी आहे. भांडण एकदाही झालेले नाही.

सोमवार, ३ सप्टेंबर

सरांचा फोन आला. मागच्या आठवड्यात ते निवृत्त झाले आणि आजपासून पुलापलीकडे सल्लागार संचालक आहेत. ही बातमी त्यांनी स्वतःच दिली, आधीच्याच मायेने.

"तुझ्यासाठी जागा ठेवलीय. आणखी तीन सरकारी रुग्णालयांशी बोलणी चालू आहेत. तिथे जाऊन लोकांना बोलतं करणारा माणूस हवाय. शिकवून येत नाही रे ते. तुझ्यासमोर माणूस आपोआप मोकळा होतो."

मी नाही म्हणालो. पण फोन ठेवल्यावरही बराच वेळ ते वाक्य मनात घोळत राहिले, आणि मला हे लिहायलाच हवे: मनाच्या एका कोपऱ्याला ते ऐकून बरे वाटले होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझी इतकी स्पष्ट स्तुती केली नव्हती.

गिरणीमागच्या वस्तीतून मागच्या महिन्यात एकही नाव पुलापलीकडच्या मोफत खाटांसाठी नोंदले गेलेले नाही. मी स्वतः जाऊन विचारले. एका दारात एक बाई पोटाशी हात धरून उभी होती. "तिकडे पायऱ्या चढतानाच विचारतात, कुणाकडून आलात म्हणून," ती म्हणाली. "आम्ही घरीच बघू."

मंगळवार, १८ सप्टेंबर

नव्या अधीक्षकांना आराखड्याचा पहिला आढावा हवा आहे. ते दुसऱ्या गावाहून आले आहेत आणि त्यांना मागचे काही ठाऊक नाही. "तुमची पद्धत चांगली आहे असं ऐकलंय. विभागवार जा. लोकांशी बोला."

पद्धत मी सुधारली आहे. सामूहिक बैठक नाही, नाव नाही, पदनाम नाही, गुणांकनही नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन खुर्ची ओढून बसायचे आणि फक्त ऐकायचे. हे सारे मी कालच जेवताना घरी सांगितले. आई उठून गेली. बायकोने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

अस्थिविभागात सगळे ठीक आहे. स्वयंपाकघरात सगळे ठीक आहे. धुराबद्दल विचारले तर म्हणाले, कसला धूर?

साडेअकराला बाह्यरुग्ण विभागात गेलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिचे हसणे त्यात होते. कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते, म्हणून दाराशी जरा थांबलो. कोणीतरी काहीतरी सांगत होते आणि ती म्हणत होती, "अगं थांब, थांब, मग त्याची सासू काय म्हणाली?"

मी आत पाऊल टाकले. हसणे थांबले. खिडकीमागच्या तिघी उठून उभ्या राहिल्या, अधिकारी आल्यावर राहतात तशा, हात समोर जुळवून. तीही उठली.

"बसा, बसा," मी म्हणालो. "मी फक्त विचारायला आलोय. इथे काम करताना काय अडचण येते?"

तिघींनी तिच्याकडे पाहिले.

"काही अडचण नाही, साहेब," ती म्हणाली. "आपण बसा ना."

तिने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि माझे विचारून होईपर्यंत उभी राहिली.